सेसना टेकते कमी, आपटते जास्त!

प्रश्न : मी कोल्हापुरात दंतवैद्य आहे, वय ४३. रात्री दवाखाना बंद केला, मुलांची जेवणं उरकली की तासभर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या संगणकावरच्या खेळात सेसना १७२ हे छोटं विमान उडवते. पुण्याहून निघायचं आणि उजळाईवाडीला उतरायचं, हा ठरलेला फेरा. उड्डाण जमतं, वळणं जमतात, वाट चुकत नाही. घोडं अडतं ते उतरताना. विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, मग एकदम खाली पडतं, उसळतं आणि पुन्हा पडतं. टेकताना विमान किती वेगाने खाली आलं ते दाखवणारं एक अ‍ॅड-ऑन मी घातलंय. त्यात मिनिटाला उणे चारशे, साडेचारशे फूट असे आकडे येतात. यूट्यूबवरची पोरं उणे साठवर उतरवतात! दिवसभर बारीक काम करणारा माझा हात नेमका इथेच का चुकतो? पायाने चालवायची पेडल्स घ्यावीत का? की सेसना सोडून सरळ एअरबस ए३२० शिकावं? मुलगा म्हणतो, तेच सोपं आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डॉक्टर, आधी तुमच्या त्या आकड्याचाच हिशेब करू, कारण निदान त्यातच आहे.

उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतं. या उतारावर जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणलं की मिनिटाला किती फूट खाली येतोय ते मिळतं. सेसना १७२ चा वेग ६५ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) धरला तर ३२५, फार तर ३४५. म्हणजे शेवटी नाक उचलायचं कामच केलं नाही, विमान जसं येतंय तसं पट्टीवर जाऊ दिलं, तरी आकडा उणे साडेतीनशेच्या आतच राहायला हवा. तुमचा येतो साडेचारशे. याचा अर्थ शेवटच्या दहा सेकंदांत तुमचा हात जे काही करतो, त्याने लँडिंग सुधारत नाही, बिघडतं. मात्र हा दोष हाताचा म्हणू नका. त्याला विमान मिळतं तेच चुकीच्या वेगात.

पट्टीच्या सुरुवातीला तुमचा वेग किती असतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण ‘तरंगत राहतं’ म्हणालात तेव्हाच तो ७५-८० असणार हे कळलं. पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पाती) टाकलेल्या १७२ साठी कंपनीच्या पुस्तकात ६० ते ७० नॉट दिले आहेत. ६५ धरा. ८० आणि ६५ यांत फरक पंधराचाच दिसतो, पण विमानातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० नॉटला ती ६५ च्या दीडपट असते. ही जादाची ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. त्यातच जमिनीलगत, म्हणजे पंखांच्या लांबीपेक्षा (सेसनाची सुमारे ११ मीटर) कमी उंचीवर आलं की हवेचा अडथळा कमी होतो आणि विमान आणखी लांब घसरत जातं. तुम्ही वाट बघता, ते टेकत नाही. पट्टी संपत येते. मग आपण अजून थोडं ओढतो. नाक वर, विमान पुन्हा पंधरा-वीस फुटांवर, आणि आता मात्र वेग खरोखरच संपतो. पूर्ण फ्लॅपवर ४० नॉटच्या आसपास पंख हात टेकतात. वीस फुटांवरून पडलेली ती सेसना म्हणजे तुमचे साडेचारशे.

यात कोल्हापूरचाही थोडा हात आहे. उजळाईवाडीचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच आहे, पुण्याचं लोहगावही जवळपास तेवढंच. तिथे काट्यावर ६५ दिसत असताना जमिनीवरचा खरा वेग त्याहून जास्त असतो. सिममध्ये एप्रिलची दुपार लावली असेल, तर साधारण पाच नॉटने जास्त. म्हणून काट्यावरचा वेग कमी करायला जाऊ नका हं, पंखांना काट्यावरचाच वेग कळतो. फक्त पट्टी थोडी जास्त लागेल आणि सगळं जरा घाईत घडल्यासारखं वाटेल. आणखी एक. तिथे टेकताना उंचीचा काटा शून्यावर नसतो, २००० वर असतो. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि ऐन वेळी सगळेच विसरतात.

आता उपाय. लँडिंग सुधारायचं तर पट्टीच्या तीन सागरी मैल आधी सुधारायला लागा. तिथे तुम्ही जमिनीपासून सुमारे ९०० फुटांवर हव्यात, म्हणजे कोल्हापूरला काट्यावर २९००. तीन अंशांच्या उताराला मैलामागे तीनशे फूट, एवढंच गणित आहे. फ्लॅपची पहिली पायरी ११० नॉटच्या खाली आल्यावर, पुढच्या दोन ८५ च्या खाली आल्यावर. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, १५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास. नाक थोडं खाली-वर करून वेग ६५ वर आणा आणि मग ट्रिम करा, म्हणजे स्टिक न धरताही विमान त्याच वेगात राहील असं जुळवून घ्या. बहुतेकांच्या लँडिंगमध्ये पाणी मुरतं ते इथे. स्टिक ओढून किंवा दाबून धरलेली असते आणि हात त्या जोराशीच झगडत असतो. खऱ्या विमानात हा जोर तळहाताला जाणवतो. आपल्या टेबलावरच्या जॉयस्टिकला फक्त तिची स्प्रिंग कळते, विमान नाही. म्हणून सिममध्ये ट्रिमची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. ट्रिमची बटणं अंगठ्याखाली येतील अशी लावा. वेग ६५ ला स्थिर झाला की स्टिक पूर्ण सोडा आणि मनात दहापर्यंत मोजा. वेग ६५ च राहिला तर विमान ट्रिम झालं. पळत सुटलं, तर ट्रिम अजून झालेलं नाही, आणि अशा विमानाकडून हळुवार लँडिंगची अपेक्षा ठेवू नका.

इथून पुढे वेग नाकाने सांभाळायचा आणि उतार थ्रॉटलने. उतार बरोबर आहे का, हे सांगायला पट्टीशेजारी चार दिवे असतात, पापी म्हणतात त्यांना. दोन पांढरे दोन लाल म्हणजे ठीक. चारही पांढरे म्हणजे उंच, चारही लाल म्हणजे फार खाली. दिवे दिसत नसतील, तर समोरच्या काचेतून पट्टीवरचा कुठला बिंदू जागचा हलत नाही ते बघा. तुम्ही तिकडेच निघालेल्या असता. तो काचेवर वर सरकू लागला तर तुम्ही अलीकडे पडणार, खाली सरकला तर पलीकडे जाणार. विमान प्रत्यक्षात टेकेल ते त्याच्या थोडं पुढे.

पाचशे फुटांवर स्वतःला एकदा विचारा, वेग ६० ते ७० मध्ये आहे? पट्टी नाकासमोर आहे? उतार बरोबर आहे? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर लँडिंग सोडून द्यायचं. थ्रॉटल पूर्ण, फ्लॅप लगेच २० अंशांवर, वेग ६०, आणि विमान खरंच वर चढतंय असं दिसल्यावर बाकीचे फ्लॅप हळूहळू आत. याला गो-अराउंड म्हणतात. सिममध्ये हे कुणी करत नाही, कारण सिममध्ये कुणी मरत नाही. तुम्ही करा. निम्मी खराब लँडिंग्ज त्यानेच गळून पडतील.

आता फ्लेअर, म्हणजे शेवटी नाक उचलणं. पट्टीची सुरुवात ओलांडली की नजर हलवा. आतापर्यंत ती टेकायच्या बिंदूवर होती, आता ती पट्टीच्या दूरच्या टोकाकडे गेली पाहिजे. जवळच बघत राहिलात तर जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटते आणि हात दचकून ओढतो. दूर बघितलं की उंची कळते, कशी ते सांगतो. साधारण पंधरा-वीस फुटांवर पट्टीच्या दोन्ही कडा एकदम पसरायला लागतात आणि स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यांकडे पळतात. हीच वेळ. थ्रॉटल हळूहळू मागे घ्यायला लागा. एकदम खटकन बंद केलंत तर नाक पडतं, आणि तुमचं ‘एकदम खाली पडतं’ त्यातूनही येत असेल. स्टिक एवढीच मागे घ्या की विमानाचं खाली येणं थांबत यावं. वर जाता कामा नये.

आणि आता डोकं थोडं उलटं चालवा. विमान उतरवायचा प्रयत्न सोडा. ते जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आहे, थ्रॉटल बंद आहे, वेग कमी होतोय, ते खाली येणारच. तुमचं काम त्याला टेकू न देण्याचं. ते बसायला लागलं की किंचित मागे. पुन्हा बसायला लागलं, पुन्हा किंचित मागे. टाळूत भुलीचं इंजेक्शन देताना तुमचा अंगठा जसा समोरून येणारा विरोध ओळखत, सलग, न थांबता आणि न ढकलता पुढे जातो, ती चाल इथे हवी. ओढ आणि सोड, ओढ आणि सोड असं झालं की विमान लाटांवरच्या होडीसारखं डुलायला लागतं. नाक क्षितिजाच्या जरा वर येतं, पट्टीचं टोक नाकाआड जाऊ लागतं, पंखातला इशाऱ्याचा भोंगा कुईं करायला लागतो आणि मागची दोन चाकं टेकतात. भोंगा ऐकून घाबरू नका. १७२ मध्ये टेकायच्या सुमाराला तो वाजला, म्हणजे वेग अगदी योग्य तेवढाच उरला होता. चाकं टेकल्यावरही स्टिक लगेच सोडून देऊ नका. पुढचं चाक त्याच्या मर्जीने खाली येऊ द्या.

हे वाचून जमणार नाही, तुम्हालाही माहीत आहे. म्हणून एक सराव सांगतो. हवामान स्वच्छ आणि वारा शून्य ठेवा. कोल्हापूर थोडे दिवस राहू द्या, लोहगाव घ्या, पट्टी लांब आहे, अडीच किलोमीटर. नेहमीसारख्या या, पण उतरू नका. थोडा थ्रॉटल ठेवून दहा फुटांवर, ६५ नॉटने, मधल्या रेषेवरून पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि वर निघा. ही पट्टी पार करायला सव्वा मिनिट लागतं. नेहमीच्या लँडिंगमध्ये डोळ्यांना ही उंची जेमतेम चार-पाच सेकंद बघायला मिळते, म्हणूनच ती ओळखीची होत नाही. आठवडाभर फक्त एवढंच करा. मग दहाचे पाच फूट करा. मग एके दिवशी पट्टीच्या मध्यावर थ्रॉटल हळूच मागे घ्या आणि विमान काय करतं ते बघा. प्रत्येक वेळी पुण्याहून उडून यायची गरज नाही. सिममध्ये थेट शेवटच्या टप्प्यावर, पट्टीसमोर हवेतच सुरुवात करता येते. तासभरात पुणे-कोल्हापूर एकदा करण्यापेक्षा त्याच वेळात ही शेवटची तीन मिनिटं कितीतरी वेळा होतील.

उसळी बसलीच तर? सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे नाक खाली दाबणं, आणि हात नेमका तिकडेच जातो. नाक दाबलं की पुढचं चाक आधी आपटतं, दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, तिसरी त्याहून मोठी. आगीतून फुफाट्यात. छोटी उसळी असेल तर नाक आहे तिथेच धरा, चिमूटभर थ्रॉटल द्या आणि पुन्हा टेकू द्या. मोठी असेल तर विचार करत बसू नका, थ्रॉटल पूर्ण आणि निघा.

आता तुमच्या लाडक्या अ‍ॅड-ऑनबद्दल. काढून टाका. निदान महिनाभर. माझ्या मते सिमवाल्यांच्या लँडिंगचं जितकं नुकसान या आकड्याने केलंय तितकं वाऱ्यानेही केलेलं नसेल. उणे साठवर उतरवणारी पोरं किती पट्टी खाऊन उतरवतात ते व्हिडिओत जरा निरखून बघा. मोठी प्रवासी विमानं प्रमाणित होतात तेव्हा त्यांचा सांगाडा ठरलेल्या कमाल लँडिंग वजनाला सेकंदाला १० फूट, म्हणजे मिनिटाला ६०० फुटांनी टेकणं सोसेल असा घडवलेला असतो. प्रवासी हादरतात, चहा सांडतो, विमानाला काही होत नाही. ओल्या पट्टीवर तर वैमानिक मुद्दाम ठामपणे टेकवतात. पाण्याचा थर फोडून टायर डांबराला भिडले पाहिजेत, चाकं फिरायला लागली पाहिजेत, तेव्हाच ब्रेक धरतात.

हळुवार टेकण्यापेक्षा जागेवर टेकणं किती महत्त्वाचं, ते मंगळुरूने दाखवलं. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ तिथल्या टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या, पट्टीवरून पुढे दरीत गेलं आणि १५८ जण गेले. चौकशीत निघालं, की विमान उतारावर फार उंच होतं, सहवैमानिकाने गो-अराउंड करायला सांगितलं होतं, तरीही लँडिंग पुढे रेटलं गेलं आणि ८,०३३ फुटांच्या पट्टीवर विमान टेकलं ते जवळपास ५,२०० फूट संपल्यावर. तुमच्या खोलीत दरी नाही हे मान्य, पण सवयी त्याच लागतात. म्हणून लँडिंग संपल्यावर स्वतःला फक्त दोन गोष्टी विचारा. पट्टीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात टेकलं का? आणि मधल्या रेषेवर टेकलं का? हे दोन्ही साधलं असेल, तर उणे अडीचशेही उत्तम.

सेटिंगचं थोडक्यात. एक, मदतीच्या पर्यायांत विमान आपणहून ट्रिम करणारा आणि लँडिंगमध्ये हात घालणारा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. नाहीतर एका विमानात तुम्ही दोघं होता आणि दुसऱ्याशी बोलता येत नाही. दोन, जॉयस्टिकची सेन्सिटिव्हिटी वजा वीस-तीसच्या आसपास न्या, म्हणजे मधोमध हालचाल मऊ होते. डेड झोन (स्टिक हलवूनही काही होत नाही तो मधला भाग) मात्र जवळपास शून्य ठेवा, फ्लेअर त्या मधल्या पट्ट्यातच होतो. तीन, आसन थोडं वर घ्या, नाकावरून पट्टीचं टोक दिसलं पाहिजे. झूम एकदा ठरवलं की बदलू नका. ते बदललं की पट्टीचा आकार बदलतो आणि डोळ्यांनी शिकलेलं सगळं वाया जातं. आणि जमिनीजवळ चित्र अडखळत असेल, तर झाडं-इमारतींची चैन कमी करा. अडखळत्या चित्रात हळुवार लँडिंग कुणालाच जमत नाही.

मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ए३२० सोपं वाटतं, कारण ते स्वतःच ट्रिम करतं आणि नाक ठेवाल तिथे राहतं. तुम्हाला आत्ता जे शिकायचंय तेच ते तुमच्या वतीने करून टाकतं. शिवाय तिथे फ्लेअरची चाल वेगळी. तीसेक फुटांवर नाक दोन-एक अंश उचलायचं, थ्रॉटल बंद करायचे आणि टेकू द्यायचं. सेसनासारखं ‘टेकू न देणं’ तिथे केलंत तर अर्धी पट्टी गमावाल. वीस फुटांवर ‘रिटार्ड’ असा आवाज येतो, ती थ्रॉटल मागे घ्यायची आठवण आहे. जमिनीजवळ एअरबसचा संगणक मुद्दाम नाक हळूहळू खाली न्यायला लागतो, वैमानिकाने स्टिक मागे घ्यावी म्हणून, सेसनात घेतात तशी. त्यामुळे सेसना आली की एअरबस शिकायला वेळ लागणार नाही. उलट केलंत तर पुन्हा पहिलीत बसावं लागेल. मुलाला हवं तर ते उडवू द्या, आणि एकदा ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी सोय) बंद करून उतरवायला सांगा.

पेडल्स आत्ता नकोत. तुमची जॉयस्टिक पिळून रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, फिरत असेल तर वारा नसताना तेवढं पुरे. पावसाळ्यात कोल्हापूरला पश्चिमेचा वारा असतो, तो २५ नंबरच्या, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरायच्या, पट्टीवर बराचसा समोरूनच मिळतो. आडव्या वाऱ्याचा सराव सुरू कराल, नाक एकीकडे आणि वाट दुसरीकडे ठेवून याल, टेकायच्या क्षणी पायाने नाक सरळ कराल, तेव्हा मनगट पिळून हे करणं अवघड जातं. पेडल्सचा विचार तेव्हा करू. आत्ता खर्च करायचाच तर ट्रिमसाठी छोटं चाक मिळतं ते बघा.

महिन्याभराने पुन्हा लिहा. मात्र टेकतानाचा आकडा कळवू नका, पट्टीची सुरुवात ओलांडताना काटा कितीवर होता ते कळवा.